पुढच्यास ठेच लागली, पण जबाबदार कोण?

रस्त्यात कुणी अडखळून पडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बघून चालता येत नाही का?" पडणारा माणूसही ओशाळतो, कपडे झटकतो आणि लंगडत निघून जातो. पण फुटपाथची लादीच उचकटलेली असेल तर? ती नीट ठेवायचं काम कुणाचं होतं? आज आपण हेच समजून घेऊ. त्यासाठी आधी न्यूयॉर्क शहराचं उदाहरण बघू, कारण तिथे या प्रश्नाचं उत्तर कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आधी जबाबदारी शहराची

पूर्वी न्यूयॉर्कमध्ये फुटपाथवर पडलेला माणूस बहुधा शहर प्रशासनावर दावा लावायचा. दावे फार वाढले, तेव्हा १९७९ मध्ये एक नियम आला. त्या जागेच्या दोषाची लेखी सूचना आधी मिळालेली असेल आणि तरी १५ दिवसांत दुरुस्ती झाली नसेल, तरच शहर जबाबदार. यावर तिथल्या वकिलांनी काय केलं माहीत आहे? एक समिती काढली, गल्लोगल्ली माणसं पाठवली आणि फुटपाथवरच्या दोषांचे नकाशे काढून शहराकडे दिले. झाली लेखी सूचना! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात, ते असं.

२००३ चा बदल

१४ सप्टेंबर २००३ पासून हा भार लगतच्या जागेच्या मालकावर आला. दुकान, ऑफिस, मोठी इमारत यांच्यासमोरचा फुटपाथ सुरक्षित ठेवायचा तो मालकाने. तुटलेली लादी बदलायची, बर्फ आणि घाण काढायची. त्यासाठी विमाही घ्यायचा.

यात एक सवलत आहे. एक ते तीन कुटुंबांचं घर, मालक स्वतः तिथे राहतो आणि घराचा वापर फक्त राहण्यासाठी आहे, तर अपघाताची ही जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणजे छोट्या घरमालकाला कायद्याने सांभाळून घेतलं. आणखी एक गंमत बघा. फुटपाथवरच्या झाडाच्या आळ्यात पाय अडकून पडलात, तर ते आळं या कायद्यापुरतं 'फुटपाथ' धरत नाहीत, असं तिथल्या न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं. पडायची जागा दोन फूट सरकली की जबाबदार माणूसही बदलतो!

नुसतं पडणं पुरत नाही

मालकाकडून भरपाई हवी असेल तर तीन गोष्टी दाखवाव्या लागतात.
१) फुटपाथमध्ये खरंच दोष होता.
२) तो मालकाने केला, किंवा त्याला माहीत होता, किंवा लक्ष ठेवलं असतं तर माहीत झाला असता.
३) त्या दोषामुळेच इजा झाली.

दोन लाद्यांमध्ये अर्धा इंच, म्हणजे साधारण सव्वा सेंटिमीटर फरक असला की शहराच्या नियमात तो दोष धरतात. पण न्यायालय फक्त पट्टी लावत नाही. उजेड, गर्दी, कडेचा आकार हेही बघतं. आणि पडणाऱ्याची चूक ३० टक्के ठरली, तर भरपाईतूनही ३० टक्के वजा होतात. म्हणजे "बघून चाला" हेही कायदा विसरत नाही.

मुदतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. शहरावर दावा करायचा तर ९० दिवसांत नोटीस द्यावी लागते. खाजगी मालकावर दाव्यासाठी तीन वर्षं असतात.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे सार्वजनिक रस्ते आणि फुटपाथ सांभाळणं हे महानगरपालिकेचं कायद्याने ठरलेलं काम आहे. ते समोरच्या दुकानदाराचं नाही. पण दुकानदाराने फुटपाथवर सामान मांडून वाट अडवली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली त्याला ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चांगला फुटपाथ हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, तर जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

तेव्हा पडलात तर लाजू नका. आधी उपचार घ्या आणि कागद जपून ठेवा. जागेचा फोटो काढा, लादीशेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे उंची कळेल. कुणी पाहिलं असेल त्याचा नंबर घ्या. आणि लेखी तक्रार करून तिचा क्रमांक मागून घ्या. तुमची तक्रार नोंदली गेली, तर उद्या त्याच लादीवर दुसरं कुणी पडलं तरी "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणायची सोय राहणार नाही.

विचार करा : तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर अशा किती जागा आहेत? मुलांना सोबत घेऊन एकदा मोजा. त्यातली एक तरी लेखी कळवा.