बूस्ट गेज खरं बोलतोय का? टर्बो उघडायच्या आधी हे तपासा

आजचा भाग टर्बो पेट्रोल गाडीत बाहेरून बूस्ट गेज बसवून घेतलेल्यांसाठी. काल-परवापर्यंत ०.९ बारला जाणारा काटा आता ०.५ च्या पुढे सरकत नाही. मग कुणी म्हणतं, "टर्बो गेला." कुणी म्हणतं, "बूस्ट थोडा वाढवून घे." पहिल्या सल्ल्याने खिसा रिकामा होतो, दुसऱ्याने इंजिन जाऊ शकतं. म्हणून आधी गेजचीच उलटतपासणी घेऊ.

गेज मोजतो काय? इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब, तोही बाहेरच्या हवेच्या तुलनेत. दोन्हीकडे सारखा दाब असेल तर शून्य. आत कमी असेल तर व्हॅक्यूम, म्हणजे काटा शून्याच्या खाली. आत जास्त असेल तर बूस्ट. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय.

पहिली तपासणी इंजिन बंद ठेवून. काटा बरोब्बर शून्यावर हवा. नसेल, तर गेज किंवा त्याचा सेन्सर चुकतोय. टर्बोचा इथे काही संबंधच नाही. गेज इलेक्ट्रॉनिक असेल तर हेडलाइट लावून बघा. लाइट लावल्याबरोबर आकडा हलला, तर अर्थिंगची वायर ढिली किंवा गंजलेली असण्याची शक्यता मोठी.

दुसरी तपासणी गरम इंजिन आयडलवर ठेवून, एसी बंद करून. मुंबईसारख्या समुद्रसपाटीच्या ठिकाणी चांगलं पेट्रोल इंजिन साधारण उणे ०.६ ते ०.७ बार दाखवतं. गाडीगणिक थोडा फरक पडतो. महाबळेश्वरला गेलात तर तिथली हवाच विरळ, त्यामुळे व्हॅक्यूम कमी दिसणार. तो बिघाड नाही. आणि डिझेलवाल्यांनो, तुमच्याकडे आयडलला काटा शून्याजवळच राहतो, कारण डिझेल इंजिन पेट्रोलसारखं थ्रॉटलने हवा अडवून चालत नाही. घाबरू नका.

पेट्रोल गाडीत आयडलला व्हॅक्यूम दिसतच नसेल, तर नळी कुठे जोडलीय ते बघा. ती थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या बाजूला हवी. थ्रॉटलच्या अलीकडे टर्बोच्या पाइपवर जोडली असेल, तर बूस्ट दिसेल पण व्हॅक्यूम कधीच दिसणार नाही.

आता नळीची पाळी. मेकॅनिकल गेजमध्ये दाब थेट नळीतून काट्यापर्यंत येतो, आणि इंजिनच्या उष्णतेने ती कडक होते, तडकते. चाचणी स्वस्तातली आहे. इंजिन थंड झाल्यावर नळी इंजिनच्या बाजूने काढा आणि मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज तिला घट्ट बसवा. दट्ट्या हळूच दाबून धरा. काटा वर जाऊन तिथेच थांबला तर नळी ठीक. हळूहळू खाली आला तर कुठेतरी गळती आहे. काटा उशिरा हलतोय? नळी बॉनेटच्या आत दबली किंवा मुरगळली असेल. काटा सारखा थरथरतोय? नळीत बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवला की शांत होतो.

यानंतर गाडीचाच साक्षीदार बोलवा. बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, आणि साध्या ओबीडी स्कॅनरने तो मोबाइलवर वाचता येतो. फक्त हा आकडा बाहेरच्या हवेसकट असतो. म्हणून इंजिन बंद, चावी ऑन ठेवून आधी एक आकडा लिहून घ्या. पुण्यात तो साधारण ९५ किलोपास्कल येईल. मग चालत्या गाडीत फुल थ्रॉटलला समजा १७५ आला. १७५ वजा ९५ म्हणजे ८०, म्हणजेच ०.८ बार. आणि गेज ०.५ दाखवतोय? मग संशय गेजवर, टर्बोवर नाही. दोघंही ०.५ च म्हणत असतील, तर इंटरकूलरचे पाइप, क्लिपा, वेस्टगेट आणि मग टर्बो, या क्रमाने मेकॅनिककडून तपासून घ्या.

दोन गोष्टी विसरू नका. जागेवर उभं राहून रेस दिली तर खरा बूस्ट दिसत नाही, कारण इंजिनवर लोडच नसतो. आणि रस्त्यावर आकडे बघायचं काम शेजारी बसलेल्याचं, चालवणाऱ्याचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काही गाड्यांत वेस्टगेट दाबाच्या नळीवर चालतो, आणि गेज बसवणारा शॉर्टकट म्हणून त्याच नळीत टी टाकतो. तिथे गळती झाली की गेजला दाब कमी दिसतो आणि वेस्टगेटलाही कमीच कळतो. वेस्टगेट उशिरा उघडतो. म्हणजे काटा खाली, पण इंजिनातला खरा बूस्ट वर! अशा वेळी कुणी "बूस्ट वाढव" म्हटलं आणि आपण ऐकलं, तर नॉकिंग होऊन पिस्टनला मार बसू शकतो. कारण काय, तर एक तडकलेली नळी. तुमचा टी या नळीवर असेल, तर तो काढून मॅनिफोल्डवरून वेगळी जोडणी करून घ्या.

तर क्रम लक्षात ठेवा: शून्य, आयडल, नळी, मॅप सेन्सर. हे चारही होईपर्यंत टर्बोला हात लावू देऊ नका आणि बूस्टही वाढवू नका. गेज असलेल्या एखाद्या दोस्ताला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!