टू-स्ट्रोक इंजिनाची नळी आणि तिचे गणित

आपल्यापैकी ज्यांनी कॉलेजच्या दिवसांत मोटारसायकल चालवली, ते यामाहा आरएक्स १०० चे नाव निघाले की अजूनही हळवे होतात. एवढेसे ९८ सीसीचे इंजिन, पण ७५०० आरपीएमला ११ अश्वशक्ती देणारे. १९८५ ते १९९६ या काळात ही गाडी भारतात तयार होत असे. ती आणखी पळावी म्हणून सायलेन्सरची पुंगळी काढण्याची हौस गावोगाव होती. त्याने आवाज नक्की वाढे, वेग वाढेलच याची मात्र खात्री नसे. मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहीत असलो तरी शिक्षण इंजिनिअरिंगचे आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा आवाज दाबणारा डबा नसून इंजिनाचाच एक भाग कसा आहे, हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला होता. तो वाचकांबरोबर वाटून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो व झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडते, मग ताजे मिश्रण आत येण्याच्या खिडक्या उघडतात. वर जाताना हाच क्रम उलटा होतो, म्हणजे बाहेरची खिडकी सर्वांत शेवटी बंद होते. खरी अडचण इथेच आहे. आत आलेले ताजे पेट्रोल धुराच्या मागोमाग त्याच उघड्या खिडकीतून निसटते. घरात पाहुणे येताहेत आणि मागचे दार सताड उघडे, असा हा प्रकार.

यावरचा उपाय लाटेत सापडला. खिडकी उघडताच धुराच्या दाबाची एक लाट नळीतून धावत सुटते. नळी जिथे रुंद होत जाते, तिथून ओढ घेणारी, कमी दाबाची लाट परत येते. नळी जिथे निमुळती होते, तिथून ढकलणारी, जास्त दाबाची लाट परत येते. म्हणून नळी आधी पसरट व पुढे निमुळती, दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून जोडावीत तशी करतात. पहिले नरसाळे सिलिंडरमधला धूर ओढून काढते आणि ताजे मिश्रणही ओढून घेते, इतके की थोडे नळीत सांडते. मग दुसऱ्या नरसाळ्यावरून परतलेली लाट हे सांडलेले मिश्रण खिडकी मिटण्यापूर्वी पुन्हा आत कोंबते. एकही हलणारा भाग नसताना पत्र्याची नळी पंपाचे काम करते!

आता थोडे गणित. खिडकी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतका वेळ, म्हणजे १८० अंश उघडी राहते असे धरू. ९००० आरपीएमला अर्धा फेरा ३.३३ मिलिसेकंदांत होतो. गरम धुरातून लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. तेवढ्या वेळात ती १.६७ मीटर जाईल. जाऊन-येऊन असल्याने निमुळता भाग खिडकीपासून साधारण ८३ सेंटिमीटरवर हवा. ७००० आरपीएमसाठी हेच अंतर १०७ सेंटिमीटर येते. याचा अर्थ असा, की ठरावीक लांबीची नळी ठरावीक वेगालाच साथ देते. त्याच्या खाली लाट फार लवकर परतते, वर गेल्यास उशिरा. टू-स्ट्रोक गाडी एका वेगानंतर एकदम उसळी घेते ती यामुळेच. नरसाळी उतरती ठेवली तर जोर कमी, पण तो वेगाच्या मोठ्या पट्ट्यात मिळतो. तीव्र केली तर जोर भरपूर, पण पट्टा अरुंद. शेवटची बारीक नळी फार अरुंद केली तर उष्णता कोंडते. नवी नळी बसवून कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला, तर मिश्रण पातळ होऊन पिस्टनला भोक पडू शकते.

हे शास्त्र पूर्णत्वाला नेण्याचे श्रेय मुख्यतः वॉल्टर काडेन यांचे. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ गावच्या एमझेड कारखान्यात, तुटपुंज्या साधनांनिशी, ऑसिलोस्कोपवर या लाटा पाहत त्यांनी काम केले. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. म्हणजे लिटरमागे २००! त्या वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या शर्यतीत इंजिन निकामी झाले आणि डेग्नर तिथून परतलाच नाही. बायकामुलांना त्याने मोटारीच्या डिकीतून पश्चिमेला आणवले होते. तो सुझुकीकडे गेला, बरोबर हे ज्ञान घेऊन. १९६२ साली त्याने सुझुकीला ५० सीसी गटात पहिले जागतिक विजेतेपद मिळवून दिले. रस्त्यावरील शर्यतींचे जागतिक विजेतेपद एमझेडला कधीच मिळाले नाही. १९७५ ते २००१ या काळात ५०० सीसीची सर्व विजेतेपदे टू-स्ट्रोक गाड्यांनी जिंकली, आणि त्यांच्या नळ्यांत काडेन यांचेच तत्त्व होते. ते स्वतः १९९६ साली वारले.

डेग्नरने बरोबर केले की चूक, यावर आजही वाद होतो. देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांनी घाईने निकाल देऊ नये असे मला वाटते. शिकलेले डोक्यातून काढून सीमेवर ठेवता येत नाही, हे खरे. पण कारखान्याचे गुपित आणि स्वतःचे शिक्षण यांत फरक आहे, हेही तितकेच खरे. डेग्नरच्या कुटुंबाच्या सुटकेचा आनंद मानताना, मागे राहिलेल्या काडेन यांच्या वाट्याला काय आले असेल, याचाही विचार मनात येतो.

टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून गेल्या त्याचे कारणही या गणितातच आहे. गर्दीत, कमी वेगात, लाट वेळ चुकवते. न जळलेले पेट्रोल व तेल धुराबरोबर हवेत जाते. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर त्यांचा निभाव लागणे कठीण होते. भारतात गेल्यावर एखाद्या हौशी भाच्याने सायलेन्सर कापायला घेतलेला दिसला, तर त्याला रागावू नका. कागद-पेन्सिल देऊन आधी लांबी काढायला सांगा.