जुनी टाइल उखडू नका, झाका

आजचा विषय पायाखालचा आहे, अगदी शब्दशः.

न्यू जर्सी, न्यू यॉर्क या भागात आपली बरीच मंडळी १९५०-६०च्या सुमारास बांधलेली घरं विकत घेतात. हौसेनं बेसमेंटचा जुना गालिचा काढला की खाली चौकोनी, गुळगुळीत, थोड्या मळकट टाइल दिसतात. बऱ्याचदा ९ इंचांच्या, आणि खाली चिकटवायला डांबरासारखा काळा थर. आता आपली सवय काय? फरशी बदलायची म्हटलं की आधी छिन्नी-हातोडा. जुनं उखडल्याशिवाय नवं बसवलं तर काम कच्चं, असं आपल्याला वाटतं. इथं मात्र नेमकं उलटं आहे.

कारण त्या टाइलमध्ये, आणि कधी कधी त्या काळ्या थरातही, ॲस्बेस्टॉस असू शकतं. हे खनिज आहे, पण दगड असून त्याचे तंतू निघतात. जळत नाही, मजबूत आणि स्वस्त. लाँग आयलंडवरच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७पासून हजारो घरं थेट काँक्रीटच्या जोत्यावर उभी राहिली, त्यांत अस्फाल्टच्या टाइल घातल्या होत्या. पुढे व्हायनिलच्या आल्या. दोन्हींत हे तंतू मिसळण्याची पद्धत होती, ती अगदी १९८०च्या आसपासपर्यंत चालली.

मग अशा घरात राहणं धोक्याचं का? तिळाची वडी डोळ्यांसमोर आणा. वडी अख्खी आहे तोवर तीळ गुळात घट्ट बसलेले असतात. वडी कुटली की तीळ सुटे. टाइलचंही तसंच आहे. शाबूत टाइलवरून चालल्यानं तंतू सहसा सुटत नाहीत. घासली, खरवडली, भोक पाडलं, फोडली की ते हवेत जातात. ते इतके बारीक असतात की दिसत नाहीत, वासही येत नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की शरीराला त्यांचा नीट निचरा करता येत नाही. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग, ॲस्बेस्टॉसिस हे आजार त्यातून होतात, आणि तेही बहुधा काही दशकांनी. म्हणून 'मी उखडली, मला काही झालं नाही' या सांगण्याला अर्थ नाही. धूम्रपान करणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी कितीतरी जास्त.

आता, टाइलमध्ये ॲस्बेस्टॉस आहे की नाही, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. ते प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. नमुना प्रशिक्षित माणसाकडून घ्यावा. तपासायचं नसेल तर 'आहेच' असं धरून चालायचं. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ईपीए, हेच सांगते: शंका असेल तर आहे असं समजा, चांगल्या स्थितीतली जमीन छेडू नका, आणि शक्य असेल तर नवी जमीन तिच्यावरच घाला.

तर झाकायचं कसं?

पहिलं, ओल बघा. टाइलच्या कडा उचलल्या आहेत का? सांध्यांत पांढरा क्षार दिसतो का? कुबट वास येतो का? तसं असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त. ओलीवर झाकण घातलं तर खाली बुरशी धरते.

दुसरं, सफाई. कोरडा झाडू नको, घरचा व्हॅक्यूम तर नकोच. त्यातून बारीक तंतू परत खोलीत येतात. ओल्या फडक्यानं हलक्या हातानं पुसून घ्या. उंचसखल जागा घासून सपाट करायची नाही. एखादी टाइल गेली असेल तर तो खड्डा लेपानं भरून काढा. पुष्कळ टाइल फुटल्या असतील, भुगा होत असेल, तर हात लावू नका. परवानाधारक माणसांना बोलवा.

तिसरं, वर काय घालायचं. एकमेकांत अडकणाऱ्या, जमिनीला न चिकटवता नुसत्या पसरायच्या पट्ट्या उत्तम. खिळे ठोकले की टाइलला भोकं पडतात. गोंदानं चिकटवलं तर पुढे कधी वरचा थर काढताना खालची टाइलही फाटून येईल. गालिच्याच्या कडेला जमिनीत ठोकायच्या खिळ्यांच्या पट्ट्याही याच कारणानं नकोत. भिंतीलगतची लाकडी पट्टी उपटू नका, तिच्या खाली टाइलची कड अडकलेली असते. नवी गोलसर पट्टी त्या जुन्या पट्टीलाच ठोका, जमिनीला नाही.

जमीन थोडी वर येते, हेही ध्यानात ठेवा. दार खालून तासावं लागलं तर ते बिजागरीतून काढून तासा. जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. फरक जास्त झाला तर माणूस अडखळतो.

इथं एक प्रश्न आला आहे: 'झाकलं म्हणजे धोका लपवलाच ना?' चांगला प्रश्न आहे. झाकणं आणि लपवणं यांत फरक आहे, आणि तो कागदाचा आहे. झाकण्याआधी फोटो काढा, तपासणीचा अहवाल ठेवा, कुठल्या खोलीत काय आहे ते लिहा आणि घराच्या कागदपत्रांत लावून टाका. उद्या पाण्याचा पंप बसवायला कुणी जमीन फोडायला येईल, नळवाला भोक पाडेल. त्याला काम सुरू करण्याआधी सांगा. घर विकाल तेव्हा घेणाऱ्यालाही सांगा.

कारण ती टाइल तिथंच राहणार आहे. आपण गेल्यावरही. दहा-वीस वर्षांनी त्या बेसमेंटमध्ये कुणीतरी हातोडा घेऊन उतरेल, शेजारी कदाचित त्याचं मूल खेळत असेल. त्याच्या हाती आपला कागद आधी पडायला हवा.