एक आयपी आणि दोन दावेदार

'आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट' हा प्रकार हॉस्टेलवाल्यांना नवा नाही. असं झालं की आपण लगेच शेजारच्या रूमवर जाऊन भांडतो. मीसुद्धा भांडलो, आणि ज्याच्याशी भांडलो त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. म्हणून हा लेखप्रपंच!

प्रोजेक्ट सबमिशनची आदली रात्र. माझ्या लॅपटॉपवरचं उबुंटू सर्व्हरचं व्हर्च्युअल मशीन दर दोन मिनिटांनी नेटवर्कवरून गायब व्हायचं. समोरच्या रूममधला एफ.ई.चा मुलगा हाताने आयपी टाकतो अशी ख्याती होती. आम्ही सरळ त्याची केबल काढली. त्याचं असाइनमेंट अर्धवट अपलोड झालं, आमचा प्रॉब्लेम मात्र तसाच! शेवटी तिसऱ्या मशीनवर 'एआरपी' कमांड देऊन पाहिली. एकाच आयपीपुढे आलटून पालटून दोन मॅक ॲड्रेस दिसत होते. एक माझा, दुसरा माझ्याच रूममेटचा. त्याला मीच माझ्या मशीनचा क्लोन दिला होता!

पण क्लोन करताना मॅक तर नवा घेतला होता. मग असं का?

उत्तर डीएचसीपीच्या कामात आहे. १९९७ च्या आरएफसी २१३१ प्रमाणे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि ॲक अशा चार निरोपांत मशीनला ठराविक मुदतीचा आयपी मिळतो. या मुदतीला म्हणतात लीज. मशीनने 'क्लायंट आयडेंटिफायर' पाठवला तर सर्व्हर त्यावरून ओळखतो, नसेल तरच मॅकवरून. आपल्या मेसवाल्या काकांसारखंच! ते चेहरा नाही, कार्ड नंबर बघतात. एकाच कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन दोघे आले तर ताट एकच.

उबुंटू सर्व्हर हा आयडेंटिफायर 'मशीन-आयडी' नावाच्या फाईलवरून तयार करतो, आणि क्लोनमध्ये ती फाईल जशीच्या तशी जाते. सर्व्हरला वाटतं, जुनंच गिऱ्हाईक परत आलं, आणि तो तोच आयपी देतो. उपाय सोपा आहे. क्लोन करण्यापूर्वी ती फाईल रिकामी करा (डिलीट नव्हे!), म्हणजे पुढच्या बूटला प्रत्येक मशीन स्वतःची नवी बनवेल. किंवा नेटप्लॅनमध्ये 'डीएचसीपी-आयडेंटिफायर' ला 'मॅक' ही किंमत द्या.

आता उलटा प्रकार: माणूस एक, कार्डं दोन. ड्युअल बूट लॅपटॉपवर विंडोज एक आयडेंटिफायर पाठवतो, लिनक्स दुसरा पाठवू शकतो. मॅक एकच, पण लीज दोन! २४ बिटच्या सबनेटमध्ये वापरता येण्याजोगे पत्ते २५४. असे १५० लॅपटॉप आले तर मागणी ३०० ची. लीज आठ दिवसांची असेल तर उशिरा येणारा उपाशीच.

लॅबच्या सरांसाठी: आयएससीच्या जुन्या डीएचसीपी सर्व्हरमध्ये यासाठी 'डिनाय डुप्लिकेट्स' ही ओळ आहे. त्या सर्व्हरची देखभाल २०२२ मध्ये थांबली. त्याच्या जागी आलेल्या 'किया' मध्ये 'मॅच-क्लायंट-आयडी' फॉल्स केलं की ओळख फक्त मॅकवरून पटते, आणि वरचे दोन्ही प्रकार मिटतात. पण मॅक म्हणजे जन्मखूण नव्हे, हे विसरू नका. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला बनावट मॅक सांगतात. ऑफिसच्या रजिस्टरमधला मॅक जुळला नाही म्हणून कुणाला लगेच चोर ठरवू नये.

थोडक्यात काय, तर सर्व्हर माणूस ओळखत नाही, चिठ्ठी ओळखतो. दुसऱ्या दिवशी त्या एफ.ई.वाल्याला कँटीनमध्ये मिसळ खिलवून माफी मागितली. तो म्हणाला, "सर, आधी विचारायचं तरी!" खरं आहे. दुसऱ्याची केबल काढण्याआधी मॅक बघा, आणि तोही आधी स्वतःचा!