वाट कोठे अडली?

परीक्षेचे अर्ज भरावयाचे आहेत, मुदत आज संध्याकाळी संपते आहे, आणि संगणकाच्या पडद्यावर पान काही केल्या उघडत नाही, असा प्रसंग आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांवर येतो. कोणी म्हणतो, "सरकारची साइट बंद पडली." कोणी म्हणतो, "आपल्या नेटवाल्याचेच काम कच्चे." दोष कोणाचा हे न पाहताच निकाल लागतो, आणि इकडे पोरांच्या अर्जांची वेळ निघून जाते. खरे पाहता अडचण कोठे आहे, हे दहा-पंधरा मिनिटांत घरबसल्या बरेचसे शोधता येते. ते कसे, एवढेच आज पाहू.

प्रथम ही वाट म्हणजे काय? आपण पाठविलेला मजकूर जाळ्यातून लहान लहान तुकड्यांनी जातो. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. वाटेत जागोजागी राउटर नावाची यंत्रे असतात. टपाल कचेरीत जशी पाकिटावरचा पत्ता पाहून थैली निवडतात, तसा राउटर पत्ता पाहून पॅकेट पुढच्या राउटरकडे देतो. संपूर्ण वाट एकालाही ठाऊक नसते. प्रत्येकापाशी फक्त एक तक्ता असतो : अमक्या पत्त्याचे पॅकेट अमक्या दाराने सोडावे. हा तक्ता चुकला की वाट चुकली.

पाटाचे पाणी शेतात आले नाही, तर जाणता शेतकरी एकदम धरणावर जाऊन भांडत नाही. तो आपल्या बांधापासून निघतो, चारी पाहतो, मग पाटाच्या कडेने वर जातो. पाणी जेथवर आहे आणि जेथून नाही, त्या दोहोंच्या मध्येच काहीतरी बिघडलेले असते. जाळ्यातही हाच क्रम धरावा.

ह्यासाठी दोन साधने आहेत. पहिले पिंग. अमेरिकेतील माइक म्यूस ह्यांनी ते १९८३ साली तयार केले. पाण्याखाली ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. पिंग एक पॅकेट पाठवते आणि उत्तर येण्यास किती वेळ लागला ते सांगते.

दुसरे साधन ट्रेसराउट. स्टीव्ह डीअरिंग ह्यांनी कल्पना सुचविली आणि व्हॅन जेकबसन ह्यांनी ती उतरविली. युक्ती मोठी गमतीची आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. आकडा शून्य झाला की राउटर ते पॅकेट टाकून देतो आणि पाठविणाऱ्याला तसे कळवितो. वाट चुकलेली पॅकेटे जाळ्यात कायमची भटकत राहू नयेत, म्हणून ही सोय आहे. ट्रेसराउट पहिल्या खेपेला आकडा १ घालते. पहिल्या राउटरकडून निरोप येतो. मग २ घालते. दुसऱ्याचा निरोप येतो. असे करीत सगळी वाट ओळीने पडद्यावर उमटते. विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून टी-आर-ए-सी-ई-आर-टी ही इंग्रजी अक्षरे आणि पुढे साइटचे नाव लिहिले म्हणजे झाले.

आता ह्या ओळी वाचावयाच्या कशा? येथेच बहुतेकांची गफलत होते.

मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या दिसल्या आणि पुढच्या ओळी नीट आल्या, तर तेथे बिघाड नाही. काही राउटर उत्तर देत नाहीत, पण पॅकेट पुढे सोडतात. तसेच मधल्याच एका ओळीत वेळ वाढला आणि पुढे पुन्हा उतरला, तर तेही सोडून द्यावे. त्या राउटरने उत्तर देण्याचे काम मागे ठेवले, इतकेच. वेळ एका ओळीपासून वाढला आणि शेवटपर्यंत वाढलेलाच राहिला, तर मात्र तेथे लक्ष द्यावे. तरीही अंतर विसरू नये. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १० हजार किलोमीटरवर जाऊन यायलाच १०० मिलिसेकंद लागतात. तो दोष नव्हे, भूगोल आहे.

तेच दोन पत्ते आळीपाळीने पुन्हा पुन्हा दिसले, तर दोन राउटर पॅकेट एकमेकांकडे टोलवीत आहेत असे समजावे. हा तक्त्याचा उघड दोष.

आणि एक गोष्ट. पाटाचे पाणी एकाच दिशेने येते. येथे उत्तर परत यावयाचे असते, आणि परतीची वाट निराळी असू शकते. म्हणून ज्या ओळीपुढे उत्तर थांबले, तोच राउटर गुन्हेगार, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. बिघाड परतीच्या वाटेवरही असेल.

चुकलेल्या तक्त्याने केवढा गोंधळ होतो, ह्याचे उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चे. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या जाळ्यात एक खोटी वाट लावली. ती हाँगकाँगच्या एका कंपनीमार्फत जगभर पसरली. यूट्यूबने १,०२४ पत्त्यांचा एक गट जाहीर केला होता; ही खोटी वाट त्यातल्या नेमक्या २५६ पत्त्यांची होती. तालुक्याच्या पाटीपेक्षा गावाची पाटी राउटर अधिक मानतो. त्यामुळे जगातील पुष्कळशी पॅकेटे पाकिस्तानकडे वळली. यूट्यूबने तेच २५६ आणि मग १२८-१२८ पत्ते जाहीर करून वाट ओढून आणली. सुमारे दोन तासांनी खोटी वाट मागे घेतली गेली. यूट्यूबची यंत्रे ह्या काळात धडधाकट होती!

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री आपल्याकडे नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप बंद पडले, ते पुष्कळांना आठवत असेल. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुक कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले. तेव्हा नावावरून पत्ता सांगणाऱ्या तिच्या यंत्रांनी आपल्याकडे येणाऱ्या वाटाच मागे घेतल्या. कंपनीच्या इंजिनिअरांना प्रत्यक्ष जागेवर जावे लागले. सेवा सुरू होण्यास सुमारे सहा तास लागले. त्या रात्री आपले फोन बंद-चालू करून उपयोग नव्हता.

तेव्हा पान उघडले नाही की क्रमाने असे करावे. घरच्या राउटरला पिंग करा. उत्तर नसेल तर दोष घरातच आहे. मग ८.८.८.८ ह्या पत्त्याला पिंग करा. तेथून उत्तर येते पण साइटचे नाव सापडत नाही, तर अडचण नावाच्या नोंदीची आहे. नाव सापडले, तर ट्रेसराउट दोन-तीन वेळा चालवा. दुसऱ्या कंपनीचे नेट असलेल्या स्नेह्यालाही तेच करावयास सांगा. त्याचे पान उघडले तर साइट चालू आहे, बिघाड आपल्या वाटेवर आहे. मग त्याच्याच नेटवरून अर्ज भरून टाका; कारण शोधणे उद्यावर ठेवा.

सर्व काही सुरळीत असताना एकदा ट्रेसराउट घेऊन वहीत उतरवून ठेवा. बिघाडाच्या दिवशी ती ओळ शेजारी ठेवली की फरक ताबडतोब दिसतो. तक्रार करताना दिवस, वेळ आणि दोन्ही वाटा लिहून द्या. "नेट चालत नाही" एवढ्या तक्रारीवर कोणी लवकर हलत नाही. "चौथ्या ओळीपर्यंत उत्तर येते, पाचवीपासून नाही" असे लिहिले की पाहणाऱ्याला कोठून सुरुवात करावयाची ते कळते.