मृत्युचिंतन आणि अंतिम न्याय : गोमंतकातील ख्रिस्ती परंपरा व मराठी शब्द

सर्वण हे गाव ज्या डिचोली महालात येते, तो महाल 1781-82 च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेला. शेजारचे पेडणे 1788 मध्ये. 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशात हिंदू वस्ती बहुसंख्य राहिली व लिहिण्या-वाचण्याची भाषा प्रामुख्याने मराठी राहिली. ख्रिस्ती मृत्युविचार मात्र मराठीत आला तो त्याआधी दीडशेहून अधिक वर्षे, दक्षिणेकडील साष्टी महालात. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेज्विट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले.

या ग्रंथाच्या भाषेची चर्चा पुष्कळ झाली आहे. लेखकासमोरील एक अडचण मात्र दुर्लक्षित राहते. त्याचे श्रोते ज्या समाजातून आले होते, त्या समाजात मृत्यू हा जन्ममरणाच्या फेऱ्यातील एक टप्पा होता. ख्रिस्ती शिकवणुकीप्रमाणे जन्म एकच, मरण एकच आणि हिशेबही एकदाच. ही गोष्ट सांगायची तर शब्द जुनेच वापरावे लागणार. स्टीफन्स यांनी स्वर्गीय निवासासाठी 'वैकुंठ' हा शब्द स्वीकारला. पुण्य सरले की स्वर्गातून परत यावे लागते, वैकुंठातून नाही, हे लक्षात घेता ही निवड चपखल म्हणावी लागते. नरकासाठी गोव्यातील ख्रिस्ती कोकणीत 'यमकोंड' हा शब्द आजही रूढ आहे. यम राहिला, पण न्यायासन त्याच्याकडे राहिले नाही. न्यायाधीश ख्रिस्त झाला.

कॅथॉलिक मतानुसार न्याय दोन वेळा होतो. पहिला प्रत्येकाचा, मरणाच्या क्षणीच; दुसरा सर्व मृतांचे पुनरुत्थान झाल्यावर, सर्वांसमक्ष. पहिला निवाडा बदलत नाही, दुसऱ्यात तो उघड होतो. ज्यांची शुद्धी अपुरी राहिली, त्यांच्यासाठी मध्ये शुद्धिस्थान आहे. कर्मांची नोंद व अखेरचा हिशेब ही कल्पना चित्रगुप्ताची वही ऐकलेल्यांना किंवा किरामन कातिबीन ठाऊक असलेल्यांना परकी वाटणार नाही. मरणानंतर पश्चात्तापाला वाव नाही, म्हणून तयारी जिवंतपणीच हवी. पापकबुली, आजाऱ्याला पवित्र तेलाचा अभ्यंग व अखेरचा ख्रिस्तप्रसाद हे विधी त्यासाठीच. उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळावर राख लावून 'तू माती आहेस' याची आठवण दिली जाते. ही राख मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते.

परंतु खरा पेच स्वतःच्या मरणाचा नव्हता, आधी मेलेल्यांचा होता. फ्रान्सिस झेवियर यांनी जानेवारी 1552 मध्ये कोचीहून लिहिलेल्या पत्रात जपानमधील नवख्रिस्तींचे दुःख नोंदविले आहे. बाप्तिस्मा न घेता गेलेल्या आईवडिलांची नरकातून सुटका नाही, हे ऐकून ते रडत. झेवियर यांनाही त्याचे वाईट वाटले. शिकवण मात्र त्यांनी सौम्य केली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते वारले व त्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे. श्राद्धपक्ष सोडून आलेल्या गोव्यातील कुटुंबांपुढे हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा असेल, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये मान्य केले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. चारशे वर्षांनंतर आलेले हे उत्तर त्या आईबापांनाही लागू पडते.

तयारीचा अर्थ केवळ विधी नव्हे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारणा होते ती भुकेल्याला अन्न दिले का, आजाऱ्याला व बंदिवानाला भेटलास का, याची. सहीह मुस्लिममधील एका हदीस-ए-कुदसीत कियामतच्या दिवशी अल्लाहचा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो : मी आजारी होतो, तू भेटायला आला नाहीस. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाआधी पूर्वजांच्या आत्म्यांसाठी गरिबांना जेवू घालण्याची रीत आहे, तिला 'भिकाऱ्यांचें जेवण' म्हणतात. 2 नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमी साफ करून थडग्यांवर फुले वाहिली जातात व मेणबत्त्या लावल्या जातात.