'एक्सक्यूज' आणि 'उन्श्युल्निंग' : सबबीच्या शब्दांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :

सबब सांगणे हा मानवी व्यवहाराचा इतका नित्याचा भाग आहे की, त्यासाठी योजल्या जाणाऱ्या शब्दांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. वास्तविक पाहता एखादा भाषिक समाज दोष, जबाबदारी आणि क्षमा यांची सांगड कशी घालतो, हे या शब्दांतून बऱ्याच अंशी कळते. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील असे काही शब्द आणि त्यांचे नॉर्वेजियन प्रतिशब्द यांचा विचार केला आहे. नॉर्वेजियन शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले असून हे लिप्यंतर स्थूल मानाचे समजावे.

इंग्रजी शब्दांची घडण :

'एक्सक्यूज' हा शब्द मूळचा लॅटिन. 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'काउसा' म्हणजे कारण, तसेच न्यायालयातील खटला. माणसाला आरोपातून बाहेर काढते ते 'एक्सक्यूज' आणि आरोपात ओढते ते 'अक्यूज'. दोन्ही शब्द एकाच घरातले. 'ॲलिबाय' या लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ 'अन्यत्र' एवढाच आहे. 'प्रीटेक्स्ट' म्हणजे पुढे विणलेले, अर्थात खऱ्या हेतूवर घातलेले आवरण. 'अपॉलॉजी' हा शब्द ग्रीक 'अपोलोगिया'वरून, म्हणजे बचावाच्या भाषणावरून आला. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस कोणाचीही माफी मागत नाही, हे वर्गात दरवर्षी नव्याने सांगावे लागते. खेदपूर्वक दोष मान्य करणे हा या शब्दाचा अर्थ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागला, आणि तेव्हापासून 'अपॉलॉजी' व 'एक्सक्यूज' यांच्या वाटा हळूहळू वेगळ्या झाल्या.

या भेदाची सूक्ष्म चिकित्सा ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1956 मध्ये ॲरिस्टॉटेलियन सोसायटीपुढील 'अ प्ली फॉर एक्सक्यूजेस' या अध्यक्षीय भाषणात केली. त्यांच्या मते समर्थन करणारा मनुष्य कृतीची जबाबदारी घेतो, परंतु ती कृती वाईट होती हे नाकारतो. सबब सांगणारा कृती वाईट होती हे मान्य करतो, परंतु पूर्ण जबाबदारी घेत नाही. याच मांडणीला पुढे नेऊन असे म्हणता येईल की, माफी मागणारा दोन्ही गोष्टी मान्य करतो. इंग्रजीत या तीन भूमिकांना तीन शब्द आहेत. नॉर्वेजियनकडे वळताच मात्र ही सोय राहत नाही.

'श्युल' आणि त्याचा परिवार :

इंग्रजी-नॉर्वेजियन कोशात 'एक्सक्यूज' या शब्दापुढे 'उन्श्युल्निंग' हा प्रतिशब्द आढळतो आणि 'अपॉलॉजी'पुढेही तोच. या शब्दाच्या मध्यभागी 'श्युल' म्हणजे दोष, अपराध हा शब्द आहे. दोषापासून दूर नेणे असा एकूण अर्थ होतो. जर्मन 'एन्टशुल्डिगेन'ची घडण अशीच आहे. याच मुळाचे क्रियापद देणे लागणे या अर्थाने वापरले जाते, आणि त्यालाच 'पो' हे अव्यय जोडले की दुसऱ्यावर दोष ढकलणे असा अर्थ निघतो. ऋण आणि अपराध यांचे हे नाते इंग्रजीलाही परके नव्हते. प्राचीन इंग्रजीत या नामाचे भावंड अपराध याच अर्थाने प्रचलित होते. पुढे ते लोपले आणि त्या मुळाची खूण 'शुड'सारख्या शब्दांत उरली.

मग नॉर्वेजियन मनुष्य माफी आणि सबब यांत भेद कसा करतो? नामाने नव्हे, तर क्रियापदाने. 'उन्श्युल्निंग' मागितली तर ती माफी. 'उन्श्युल्निंग' घेऊन आला, अर्थात पुढे केली, तर ती सबब. 'वाईट' हे विशेषण लागले की लंगडी सबब. कोशातील एकेकट्या प्रतिशब्दावर विसंबणारा अनुवादक येथे हमखास चुकतो.

निव्वळ सबबीसाठी मात्र नॉर्वेजियनमध्ये स्वतंत्र शब्द आहेत. 'पोस्कुद' हा 'प्रीटेक्स्ट'चा जवळचा प्रतिशब्द होय. 'बोर्टफोरक्लारिंग' म्हणजे स्पष्टीकरण देऊन गोष्ट बाजूला सारणे. इंग्रजीत यासाठी क्रियापदाचा वाक्प्रचार वापरावा लागतो. सर्वांत मनोरंजक आहे 'उत्फ्लुक्त'. एकवचनात त्याचा नेहमीचा अर्थ सहल असा आहे, तर अनेकवचनात त्याचा अर्थ टाळाटाळ असाही होतो.

नॉर्वेजियनची बोकमोल आणि नीनॉर्स्क अशी दोन अधिकृत लेखनरूपे आहेत. नीनॉर्स्कमध्ये माफ करा या अर्थाने 'ऑर्साक' म्हणण्याची रीत आहे आणि हा शब्द कारणवाचक 'ओर्साक'चा सगोत्र आहे. कारण सांगणे आणि सुटका मागणे यांची अशी सरमिसळ मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. अरबीतून आलेला आपला 'सबब' हा शब्दही मूळचा कारण याच अर्थाचा. व्यवहारात तो बहाण्याला जवळचा झाला, तर कार्यालयीन मराठीत 'सबब, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे' अशा वाक्यात तो आजही निष्कर्षाचे काम करतो.

खेद आणि क्षमा :

या भेदाचे महत्त्व सार्वजनिक जीवनात अधिक जाणवते. नॉर्वेजियनमध्ये 'बेक्लागे' असे आणखी एक क्रियापद आहे; त्याचा अर्थ खेद वाटणे, दिलगीर असणे. गाडी उशिरा येत असल्याची घोषणाही याच क्रियापदाने होते. 1997 मध्ये राजे पाचवे हाराल्ड यांनी कारास्योक येथे सामी संसदेच्या उद्घाटनप्रसंगी नॉर्वेच्या राज्याने सामी लोकांवर केलेल्या अन्यायाबद्दल हेच क्रियापद वापरले. 2018 मध्ये पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी जर्मन सैनिकांशी संबंध ठेवलेल्या नॉर्वेजियन स्त्रियांना 1945 नंतर राज्ययंत्रणेकडून जी वागणूक मिळाली, त्याबद्दल मात्र 'उन्श्युल्निंग' मागितली. त्यांतील काहींना अटक झाली होती, तर काहींना नागरिकत्व गमावून देश सोडावा लागला होता.

इंग्रजीत या दोन्ही प्रसंगांचे वर्णन सर्रास 'अपॉलॉजी' असेच केले जाते आणि त्यावरून केलेल्या मराठी अनुवादात दोन्हीकडे 'माफी' येते. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या ठिकाणी 'दिलगिरी' आणि दुसऱ्या ठिकाणी 'माफी' हेच शब्द योग्य ठरतात. राजांच्या विधानात अन्याय करणारा कोण, हे निःसंदिग्धपणे सांगितले होते. त्यामुळे ते विधान उणे ठरवण्याचे कारण नाही. तथापि 'बेक्लागे' या क्रियापदात ऐकणाऱ्याकडे काही मागितलेले नसते. 'उन्श्युल्निंग' मागितली जाते, म्हणून ती नाकारण्याचा अधिकारही ऐकणाऱ्याकडे राहतो.